वाघाचा फेर

सुप्रियाने आपल्या सासूचा ताल शिजवला आणि घरादाराला भाताबरोबर वाढला, ही गोष्ट आता वरंधपासून पोलादपुरापर्यंत सगळ्यांना ठाऊक झाली आहे. लोक ती हसत हसत सांगतात, आणि सांगताना पदरचा मसालाही बराच घालतात. सुप्रिया स्वतःही आता हसते. पण त्या श्रावणात तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट हसण्यापेक्षा त्या सासूपुढे, चिमाबाईपुढे हात जोडण्याची जास्त आहे. तेव्हा ती नीट, पहिल्यापासून सांगितलेली बरी.

वरंधच्या वर, घाटाचा रस्ता खाली सोडून तासभर चढलं की केतकीचा माळ लागतो. धनगरांची अकरा घरं, चाळीसेक म्हशी, उतारावर नाचणी आणि वरी. तरणी माणसं महाडच्या कारखान्यांत, नाहीतर मुंबईला. या वाडीचा ढोल गेली सत्तेचाळीस वर्षं चिमाबाई ढेबे वाजवते आहे. आज ती चौऱ्याहत्तरची आहे. अंगाने इतकी काटकी, की गळ्यात ढोल अडकवला म्हणजे बाईने ढोल धरलाय की ढोलाने बाई, असा प्रश्न पडावा.

तिचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला. बाप तिथला ढोल्या. घरात ढोल, पण पोरींनी त्याला हात लावायचा नाही. चिमाबाईने ते मुकाट ऐकलं आणि म्हशींमागे जाताना तेलाचा रिकामा डबा न्यायला लागली. रात्री बापाने जे वाजवलं ते सकाळी रानात डब्यावर. म्हशींनी कधी तक्रार केली नाही. उलट बापालाच एकदा नवल वाटलं, की आपल्या म्हशी ढोल सुरू झाला की गोठ्यातून माना वर का करतात. पोरीला विचारलं, तर पोरगी म्हणाली, "त्यांना आवडत असंल."

लग्न होऊन ती केतकीच्या माळावर येसाजीच्या घरी आली. सात-आठ वर्षं भाकऱ्या थापल्या, दूध काढलं, आणि वाडीचा ढोल्या सयाजी चुकला की दातांखाली जीभ दाबून गप्प बसली. मग एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर सयाजी आंब्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला. वाडीत ढोल कोणाला येतो? कोणालाच नाही. सगळे पुरुष तोंडं पाडून देवळापाशी बसले असताना चिमाबाईने खुंटीवरचा ढोल काढला, उन्हात ठेवला, आणि दोऱ्या ताणायला लागली.

आता पंचाईत झाली. बाईने ढोल वाजवायचा नाही, आणि ढोलाशिवाय दसरा व्हायचा नाही. म्हाताऱ्यांनी दोन दिवस खल केला आणि जो तोडगा काढला तो ऐकून कोणाही वकिलाने कान पकडावेत. दोन पुरुषांनी एक घोंगडी आडवी ताणून धरायची, चिमाबाईने तिच्यामागे बसून वाजवायचं. म्हणजे ढोल ऐकू येईल, पण बाई वाजवते आहे असं कोणी पाहिलेलं नसेल. तिचं नावही घ्यायचं नाही. कोणी विचारलं, तर ढोल वाजला, एवढंच सांगायचं.

चिमाबाई म्हणाली, "चालंल. घोंगडीला भोक हाय का बघा, मला पाय दिसले पायजेत नाचणाऱ्यांचे."

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी तिने नाचाचा असा काही फेर वाजवला, की घोंगडी धरणाऱ्या दोघांचे पाय जागेवर राहीनात. एकाने आपलं टोक दुसऱ्याच्या हातात दिलं आणि तो नाचात शिरला. दुसऱ्याने थोडा वेळ विचार केला आणि दोन्ही टोकं सोडून दिली. घोंगडी खाली पडली. समोर कपाळावर घाम, कमरेला पदर खोचलेला, डोळे मिटलेले, अशी चिमाबाई. कोणी काही बोललं नाही, कारण बोलायला नाच थांबवावा लागला असता. पुढच्या वर्षी घोंगडी आणायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. त्या अंगाला ढोल गळ्यात घालणारी ती पहिली बाई. पण तिला पहिली वगैरे म्हटलेलं आवडत नाही. ती म्हणते, "पहिली काय नि शेवटची काय, ढोल बरा वाजला का ते सांग."

तिच्या या वेडाच्या किती गोष्टी सांगाव्यात. पावसाळ्यात चामडं सैल पडतं म्हणून ती ढोल चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवते आणि दिवसातून दोनदा त्यावर बोट वाजवून येते, जशी एखादी बाई तापाच्या पोराच्या कपाळाला हात लावते. एकदा महाडला कसल्याशा महोत्सवात तिला बोलावलं होतं. तिथल्या माणसाने सांगितलं, "आजी, पाच मिनिटं वाजवा, पुढे पाहुण्यांची भाषणं आहेत." चिमाबाईने विचारलं, "फेर बावीस मिनिटांचा हाय, मग उरलेला मी कुठं वाजवू?" त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. तिने अख्खा फेर वाजवला. पाहुण्यांचा चहा निवला, भाषण राहिलं, आणि तिला पुन्हा कोणी बोलावलं नाही. घरी येताना ती एवढंच म्हणाली, की तिथल्या स्टेजची फळी पोकळ होती, थाप घुमत होती.

बाराएक वर्षांपूर्वी तिला कमी ऐकू यायला लागलं. बाकीच्यांनी ते वयावर सोडलं. चिमाबाईने सोडलं नाही. कान चाललेत तर उद्या डोकंही जाईल, हे तिने ओळखलं. एकूण एकवीस फेर तिच्याकडे. त्यातले एकोणीस जुने, दोन तिने स्वतः बसवलेले. शिकायला कोणी नाही. मुलगा सुनील कारखान्यात चांगला कामगार आहे, पण त्याच्या हातात ढोल दिला तर गाभण म्हैससुद्धा उठून जाईल. लिहून ठेवावं, तर तिला अक्षर येत नाही. आणि येत असतं तरी थाप कुठल्या अक्षराने लिहितात?

मग तिने जे केलं त्याला मी तरी दुसरा शब्द वापरणार नाही, ते थोरपण आहे. तिने वाल भिजवले, चिंचोके भिजवले, आणि सुईदोरा घेऊन बसली. वाल म्हणजे हाताची थाप. चिंचोका म्हणजे काठीचा ठोका. दोऱ्याला गाठ म्हणजे विसावा. एका फेराची एक माळ. ओवता ओवता चुकलं की सगळी उसवायची आणि पहिल्यापासून. एकवीस माळांना तिला तीन पावसाळे लागले. माळा धुरात सुकवून तिने माळ्याखाली खिळ्यांना टांगल्या. कुठला फेर वाजवायचा असला की त्याची माळ हातात घेऊन बोटांनी एकदा सरकवायची, झालं. माळेत ठेवलं म्हणून डोक्यातून उतरवलं, तरी चालत होतं.

सुप्रिया या घरात सून म्हणून आली ती दोन वर्षांपूर्वी. जातीची धनगराचीच, पण वाढलेली महाडजवळच्या नाते गावात, बारावी झालेली, म्हशीच्या धारेपेक्षा मोबाइलवर बोटं जास्त चालणारी. सासूला ती आत्या म्हणते. माळांबद्दल तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्या घरात त्या इतक्या रोजच्या होत्या की सांगायचं कोणाच्या मनात आलं नाही. तिने माळ्याखाली पाहिलं. काकडीचं बी, दोडक्याचं बी, मक्याची कणसं, लसूण, सगळं धुरात टांगलेलं. त्यातच माळा. तिला वाटलं, पेरणीचं बी असणार. तुम्हांआम्हांलाही तेच वाटलं असतं.

श्रावणातला सोमवार. चार दिवस पाऊस उघडला नव्हता, खाली वरंधला उतरून भाजी आणायची सोय नव्हती. सुप्रियाच्या मनात आलं, बिरडं करावं. डब्यातले वाल संपलेले. एक माळ मात्र नुसत्या वालांची होती, चार पदरी, चांगले पाच-सहाशे दाणे. तिने ती काढली, कात्रीने दोरा कापला, दोरा चुलीत घातला, वाल भिजत टाकले. त्यांना मोड आले नाहीत, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. तिने दोन शिट्ट्या जास्त घेतल्या. बिरड्याला धुराचा वास होता, पण सगळे मिटक्या मारत जेवले. चिमाबाईने दोनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी चिमाबाईची नजर मोकळ्या खिळ्यावर गेली.

"हितली माळ कुठं गेली गो?"

सुप्रिया हसून जरा मोठ्याने म्हणाली, "ते बी ना आत्या? काल बिरडं नाही का केलं!"

चिमाबाई खाली बसली. पाऊस ओसरला म्हणून सुनील कामाला जायला निघाला होता, तो दारातच थबकला आणि त्याने बायकोला सगळं सांगितलं. तो वाघाचा फेर होता. वर्षातून एकदा, दिवाळीआधी वाघबारशीला वाजतो. त्यात काठी नाही, नुसता हात, कारण वाघ पावलाचा आवाज करत नाही. म्हणून त्या माळेत एकही चिंचोका नव्हता. गेल्या वर्षी सुतकामुळे तो वाजला नव्हता, त्याच्या आदल्या वर्षी लग्न दिवाळीनंतरचं, म्हणून सुप्रियाने तो कधी ऐकलेलाच नव्हता. सुनीलच्या जुन्या मोबाइलमध्ये तो होता, पण तो मोबाइल सावित्रीच्या पुरात महाडच्या खोलीबरोबर गेला.

सुप्रियाला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. ती रडायला लागली. सासू आता काय काय बोलेल, याची तिने मनातल्या मनात तयारी केली. चिमाबाई खिळ्याकडे बघतच म्हणाली, "रडू नको. मी पन दोनदा घेतलं. दोष निम्मा-निम्मा." आणि उठून तिने वालाची पिशवी आणायला सुनीलला बाजारात पिटाळलं.

आठवायला बसली, तर सुरुवातीच्या तीसेक थापा आल्या आणि पुढे सगळं धुकं. दोन दिवस तिने भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिने अंगणात तंबाखू मळत बसलेल्या येसाजीकडे रोखून पाहिलं. येसाजी अठ्ठ्याहत्तरचा, गुडघ्यांनी बेजार. पण वाघबारशीचा वाघ म्हणजे चाळीस वर्षं येसाजीच. अंगाला चुना आणि काजळी फासून तो नाचायचा.

"उठा," ती म्हणाली. "वाघ व्हा."

"आता? श्रावणात?"

"पाय दाखवा मला. पाय इसरत नायत."

त्या दिवसापासून रोज दुपारी, पाऊस जरा थांबला की केतकीच्या माळावर हा तमाशा सुरू झाला. येसाजी अंगणात गुडघे धरत, शिव्या घालत वाघाची पावलं टाकायचा. चिमाबाई उंबऱ्यावर बसून डोळे बारीक करून त्याच्या पायांकडे पाहायची आणि मांडीवर थापा मारायची. बाजूला सुप्रिया सुई घेऊन. थाप पडली की वाल, थांबली की गाठ. एक पाऊल अर्ध्या श्वासाने उशिरा वाटलं की चिमाबाई म्हणे, "परत." येसाजी म्हणे, "अगो, वाघ म्हातारा झाला." चिमाबाई म्हणे, "फेर नाय झाला म्हातारा. परत."

सुप्रियाला आधी प्रायश्चित्त वाटत होतं. मग केव्हातरी ते वाटेनासं झालं. एका गाठीसाठी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई तीन दुपारी झगडते, हे तिने कुठे पाहिलं होतं? कॉलेजातले सर तास उरकायचे, ती स्वतः डीएडचा फॉर्म अर्धा भरून कंटाळली होती. आणि इथे ही बाई, जिला कोणी टाळी वाजवणार नव्हतं, जिला टाळी वाजवली तरी धड ऐकू येणार नव्हती, ती एका थापेच्या जागेसाठी जीव टाकत होती. सुप्रियाचा ऊर भरून यायचा. तिने सासूला तसं सांगितलं नाही. तिने फक्त सुई जपून धरली.

पंधरा दिवसांत माळ तीन पदर भरली. आणि मग अडली. कारण फेरात एक जागा येते तिथे वाडी वाघाला हाकलते आणि वाघ रानात पळून जातो. येसाजी तिथवर आला, की चाळीस वर्षांच्या सवयीने अंगण सोडून सरळ फणसापर्यंत जायचा.

"पुढं?" चिमाबाई ओरडली.

"पुढं मी नसतोच की! मी रानात. मागं काय वाजतं ते वाघाला कसं ठाऊक?"

मागे वाजतो तो शेवटचा तुकडा. वाघ गेला, आता भ्यायचं कारण नाही, असं गुरांना सांगून त्यांना घराकडे बोलावणारा. तेव्हा फक्त बायका गोल धरतात. त्या तुकड्याशिवाय वाघ हाकलला जातो, पण गुरं रानातच राहतात, असं वाडी मानते. चिमाबाई शेजारच्या रंगूबाईकडे गेली. रंगूबाई जन्मभर त्या गोलात नाचलेली. ती उठली, दोन पावलं टाकली, हसली आणि बसली. "अशी एकटीला नाय येत गो चिमाबाय. गोल धरला नि मागनं ढोल येत आला की पाय आपसूक पडतात." बाकीच्या म्हाताऱ्या मुलांकडे, महाडला आणि मुंबईला. त्या यायच्या त्या वाघबारशीलाच.

दसरा गेला. आठ दिवस उरले असताना सुप्रियाने भीत भीत विचारलं, "आत्या, तुम्हीच बसवा ना शेवट. दोन अख्खे फेर तुम्ही बसवलेत. हा छोटा तुकडा तर. कोणाला कळणार नाही."

चिमाबाईला हे दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. मग तिने मान हलवली. "नवा बसवीन, तर त्याला नवं नाव देईन. माझा माल जुन्याच्या नावावर खपवणार नाय. येतंय तिथवर वाजवीन आन् थांबीन. लोकांना सांगीन, पुढचं हरवलं."

"पण ते माझ्यामुळे हरवलं, असं सांगा."

"तुझं नाव कशाला? ढोल माझ्या गळ्यात हाय."

वाघबारशीला वाडी भरली. मुंबईची पोरं, महाडची पोरं, नऊवारीतल्या म्हाताऱ्या. उन्हं कलली, गुरं माळाच्या कडेला आली, आणि देवळापुढे गोल धरला गेला. वाघ या वर्षी सुनील झाला होता. ढोलाचं ओझं चिमाबाईला आता एकटीला पेलत नाही, म्हणून सुप्रिया तिच्या पाठीशी चिकटून उभी राहिली आणि मागून पट्टा उचलून धरला. चिमाबाईने दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले आणि सुरुवात केली.

सुप्रियाने तो फेर दाणा दाणा ओवला होता, पण ऐकत होती पहिल्यांदाच. तळहाताची थाप, मऊ, दबकी. माणसं आपोआप वाकली. वाघ आला, गोलाभोवती फिरला, पोरं शेणाचे गोळे घेऊन सज्ज झाली. थापा दाट होत गेल्या. मग एकच गिल्ला उठला, गोळे सुटले आणि सुनील उड्या मारत रानात पळाला. बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले.

आणि चिमाबाईचे हात थांबले. तिने मान खाली घातली, कपाळ ढोलाच्या कडेला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. सत्तेचाळीस वर्षांत तिने फेर अर्ध्यात सोडला नव्हता.

पण बायका थांबल्या नव्हत्या. ढोल बंद पडलाय हे त्यांच्या डोक्यात शिरायच्या आधीच त्यांचे पाय पुढे गेले होते. रंगूबाई, महाडच्या म्हाताऱ्या, मुंबईच्या म्हाताऱ्या. अनवाणी टाचा टणक जमिनीवर पडत होत्या. दोन, मग एक, मग विसावा, मग चार लागोपाठ, मग एक, मग जरा थांबून तीन. सुप्रिया पावलं मोजायला लागली. पावलं फिरून पहिल्या जागेवर आली आणि पुन्हा तीच सुरू झाली. अकरा थापा. हा होता तो तुकडा. तिला तो लख्ख ऐकू येत होता, आणि ज्या बाईला तो ऐकायला हवा तिला ऐकू येत नव्हतं, आणि तिचे डोळे मिटलेले होते.

ओरडून उपयोग नव्हता. सुप्रियाने पट्टा एका हातात घेतला, दुसरा हात सासूच्या पाठीवर ठेवला आणि पावलं पडत होती तशा त्या अकरा थापा तिच्या पाठीवर वाजवल्या.

चिमाबाईची पाठ ताठ झाली. ती वळली नाही. डोळेही उघडले नाहीत.

"नववी लवकर मारलीस," ती म्हणाली. "परत."

सुप्रियाचे डोळे वाहत होते. तिने परत वाजवलं, नववीला थांबून. चिमाबाईने हळूच दोन्ही हात उचलून चामड्यावर टेकवले. बायका फिरून पहिल्या पावलावर आल्या, आणि या वेळी पाठीवरची थाप आणि ढोलावरची थाप एकदमच पडली.